अकरा हजार फुटांतले हसू

विचुंबे हे गाव माथेरानच्या डोंगरात उगम पावून पनवेलच्या खाडीकडे जाणाऱ्या गाढी नदीच्या काठी वसलेले आहे. सिडकोने उभारलेल्या नव्या पनवेलच्या इमारती आज त्याच्या शिवेला येऊन भिडल्या आहेत, आणि मुंबईचे काम आटोपून लोकलने परतणारा माणूस दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात तेथे घरी पोहोचतो. तथापि ज्या काळाविषयी मला लिहावयाचे आहे त्या काळी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या सहा वर्षांत, कुलाबा जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील हा सारा मुलूख भातशेतीवर आणि खाडीलगतच्या मिठागरांवर जगत होता. पनवेल हे तालुक्याचे ठाणे. मामलेदार कचेरी तेथे, बाजारपेठ तेथे, आणि १८५२ सालापासून चालत आलेली नगरपालिकाही तेथेच. परंतु रेल्वे यावयास अजून वीस वर्षांचा अवकाश होता, वाशीचा खाडीपूल तर १९७३ सालचा, आणि त्यामुळे मुंबई डोळ्यांसमोर असूनही तेथे जाणे म्हणजे ठाण्याचा वळसा घेणारी सर्व्हिस मोटार धरणे किंवा खाडीतील जलमार्गाचा आश्रय करणे, एवढेच दोन मार्ग होते. त्यांतही पेट्रोलचे नियंत्रण सुरू झाल्यावर मोटारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या, त्या घाटात धापा टाकीत, आणि उतारूंनी उतरून चालावे असा प्रसंग काही विरळा नव्हता.

अशा गावांना चित्रपट ठाऊक होता, पण तो डोळ्यांआधी कानांना. एखाद्या सधन घरातील ग्रामोफोनवर तबकडी वाजे. मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत असलेला गावचा पोरगा होळीला येताना चित्रगृहाच्या दारात विकत मिळणारी गाण्यांची चोपडी घेऊन येई. आणि मग ज्या बोलपटाचे एकही चित्र कोणी पाहिलेले नाही त्याची पदे बांधाबांधावरून म्हटली जात. पडद्यावरचा खेळ पाहावयाचा तर जत्रेच्या सुमारास येणाऱ्या तंबूतील सिनेमाची वाट पाहावी, किंवा तालुक्याच्या गावी जाऊन रात्र काढावी. म्हणून युद्धकाळातील संगीतप्रधान विनोदी प्रेमपटांचा इतिहास एकट्या मुंबईच्या किंवा पुण्याच्या चित्रगृहांतील गर्दीवरून लिहिणे मला अपुरे वाटते. जे प्रेक्षक त्या चित्रपटांच्या वाटेवर राहत होते आणि ज्यांच्यापर्यंत त्यांचे फक्त सूर पोहोचले, त्यांच्या अंतरावरून पाहिले असता काही गोष्टी अधिक ठळकपणे नजरेस येतात.

हा प्रकार मराठीत आकाशातून पडलेला नव्हता. अण्णासाहेब किर्लोस्करांचे १८८२ चे ‘संगीत सौभद्र’ हे पुराणकथेचे वस्त्र पांघरलेले असले, तरी नीट पाहिल्यास तो एका घरातील लग्नाचा घोळच आहे: मुलीचे मन एकीकडे, वडील भावाची जबान दुसरीकडे, धाकट्या भावाची कारस्थाने तिसरीकडे, आणि या साऱ्यांच्या मधून पदामागून पदे. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळा’ने पुढे पुराणाचाही आधार सोडून दिला, आणि संशयी नवरा, त्याची तितकीच संशयी बायको, एक प्रेमिक जोडी आणि गाणी, एवढ्या सामग्रीवर प्रेक्षकाला चार घटका हसवीत ठेवता येते हे सिद्ध केले. नाटक मंडळ्या एकामागून एक मोडकळीस येऊ लागल्या तेव्हा हा वारसा बोलपटाकडे येणे क्रमप्राप्तच होते. मात्र त्याचा पहिला खरा वारसदार पुण्याच्या ‘प्रभात’मधून निघाला नाही, तो निघाला कोल्हापुरातून. ‘प्रभात’ला संतांचे आणि समाजसुधारणेचे व्रत होते. हसविण्याचे काम मास्तर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांच्या ‘हंस पिक्चर्स’ने अंगावर घेतले, आणि त्यांना लेखक मिळाले ते आचार्य अत्रे.

१९३८ च्या ‘ब्रह्मचारी’ने आजन्म अविवाहित राहण्याची शपथ घेणाऱ्या तरुणाची, आणि तसली शपथ घ्यावयास लावणाऱ्या दंडबैठकी राष्ट्रभक्तीची, जी यथेच्छ थट्टा केली ती लोक अनेक वर्षे विसरले नाहीत; मीनाक्षीने पोहण्याच्या पोशाखात म्हटलेले त्यातील गाणे तर अजूनही सभ्य गृहस्थ हळू आवाजात आठवतात. पुढच्या वर्षी ‘ब्रँडीची बाटली’ आला तो मुंबई इलाख्यात दारूबंदीचा अंमल सुरू होण्याच्या सुमारास, आणि दामुअण्णा मालवणकरांचा चकणा, बावरलेला, ब्रँडी म्हणजे काय हे धड न समजलेला कारकून या चित्रपटाने घराघरांत नेऊन पोहोचविला. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानातील एकाही लोकप्रतिनिधीला न विचारता हा देश युद्धात उतरल्याचे जाहीर केले, आणि शरद ऋतू संपण्यापूर्वी बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ राजीनामा देऊन मोकळे झाले. युद्धाला आरंभ झाला त्या घटकेला मराठी विनोदी बोलपट असा ऐन भरात होता, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. कारण त्याचे पुढे जे झाले ते म्हातारपणाने झाले नाही.

‘हंस’च्या मंडळींनी अत्र्यांसह १९४० च्या सुमारास ‘नवयुग चित्रपट’ ही नवी संस्था काढली, आणि तिच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतील यादी पाहिली तर युद्ध नावाची काही वस्तू जगात आहे याची शंकाही येऊ नये. अत्र्यांच्या लेखणीतला ‘लपंडाव’, ज्यात वनमाला पहिल्यांदा पडद्यावर आली, तो १९४० चा. त्याच वर्षीचा ‘लग्न पहावे करून’ चिं. वि. जोशींच्या चिमणराव-गुंड्याभाऊंवर आधारलेला. जोशी हे बडोद्याचे पाली भाषेचे अध्यापक, पुढे संस्थानच्या दफ्तराचे प्रमुख. दिवसभर गायकवाडी फडांतील कागदांची रुजुवात पाहणाऱ्या या गृहस्थाने मराठी मध्यमवर्गीय संसाराचा जो रोजमेळ लिहून ठेवला, त्याला तोड नाही. चिमणराव दामुअण्णा, गुंड्याभाऊ विष्णुपंत जोग. एक काडीसारखा भित्रा, दुसरा सोट्यावर भिस्त ठेवणारा. लग्न जुळविण्याच्या खटपटीत माणसाची जी ओढाताण होते ती या जोडीने अशी रंगविली की १९४२ साली विनायकांना तीच जोडी घेऊन ‘सरकारी पाहुणे’ काढणे भाग पडले. नाव पाहा: ज्या वर्षी हजारो माणसे खरोखरीच सरकारी पाहुणचार घेत येरवड्याला आणि नाशिकला जाऊन बसली, त्या वर्षी हे नाव फलकावर झळकत होते, आणि त्यावर हसणाऱ्या प्रेक्षकाला आपण नक्की कशावर हसतो हे कोणी समजावून सांगावे लागले नसेल.

त्याच १९४२ सालचा ‘पहिली मंगळागौर’ हा या साऱ्या चित्रपटांत मला अधिक विचारणीय वाटतो. ‘नवयुग’चाच, दिग्दर्शक रा. शं. जुन्नरकर, संगीत दादा चांदेकरांचे. नायिका स्नेहप्रभा प्रधान, ज्यांनी दोन वर्षांपूर्वी ‘बॉम्बे टॉकीज’च्या ‘पुनर्मिलन’मधून अखिल हिंदुस्थानात नाव मिळविले होते, नायक शाहू मोडक, ज्यांना महाराष्ट्राने नुकतेच ‘प्रभात’च्या ‘संत ज्ञानेश्वरां’त ज्ञानेश्वर म्हणून हात जोडले होते, आणि सोबतीला पुन्हा दामुअण्णा आणि जोग. समाधी घेतलेल्या ज्ञानेश्वरांना दोन-एक वर्षांनी नववधूच्या मागे फिरताना पाहणे प्रेक्षकाला खटकले नाही, यावरून त्या काळच्या प्रेक्षकाची समजूत आजच्यापेक्षा अधिक प्रौढ होती असे मी म्हटले तर त्याला कोणी पुराव्याने खोडून काढू शकणार नाही.

मंगळागौर म्हणजे नवविवाहितेने लग्नानंतरची पाच वर्षे श्रावणातल्या मंगळवारी करावयाची पूजा. सकाळी सोवळ्यातील पत्री आणि आरती, रात्री फुगडी, झिम्मा, पिंगा, उखाणे आणि पहाटेपर्यंतचे जागरण. घरातील पुरुषांनी त्या रात्री माजघराच्या बाहेर राहावे आणि आतल्या हसण्याचा अर्थ लावीत झोपेचे सोंग करावे अशी रीत. पहिल्या वर्षीची पूजा सर्वांत थाटाची. म्हणजे चित्रपटकर्त्याला हवे ते सारे येथे रूढीनेच मांडून ठेवलेले असते: एकत्र जमलेल्या तरुण मुली, म्हटलीच पाहिजेत अशी गाणी, नवऱ्याचे नाव घ्यावयाला लाजणारी मुलगी, आणि भिंतीच्या पलीकडे ताटकळणारा नवरा. हॉलिवुडच्या संगीतपटाला गाण्याचे निमित्त शोधण्यासाठी नायक-नायिकेला नाटकमंडळीत किंवा रात्रीच्या क्लबात नोकरीला लावावे लागते. मराठी लेखकाला श्रावण पुरतो.

आणखी एक गोष्ट या नावातून उघड होते. पाश्चात्त्य विनोदी प्रेमपटात प्रेम आधी, लग्न शेवटी, आणि पडदा पडतो तो चर्चच्या दारात. ‘लग्न पहावे करून’, ‘पहिली मंगळागौर’, ‘पहिला पाळणा’, ‘चिमुकला संसार’ या नावांची नुसती ओळ लावून पाहा. मराठी प्रेमपट बहुधा अक्षता पडल्यावरच सुरू होतो, किंवा निदान अक्षतांभोवती घोटाळत राहतो. ज्या समाजात अनोळखी मुलाशी बोलणे हा मुलीच्या अब्रूचा प्रश्न होता, तेथे मोकळेपणाने प्रेम करण्याची एकच मुभा होती, आणि ती लग्न झालेल्या जोडप्याला; म्हणून दिग्दर्शकांनी आपल्या प्रेमिकांना आधी विधिपूर्वक बोहल्यावर चढविले आणि मग रुसवेफुगवे, चोरटे कटाक्ष, एकांतासाठी धडपड या सगळ्याची तजवीज केली. ही तडजोड भित्रेपणाची होती असे समीक्षक म्हणत आले आहेत. मला ती चतुराईची वाटते.

तथापि हे माजघर कोणाचे होते? पुण्याच्या सदाशिव पेठेचे, गिरगावच्या चाळीचे, कोल्हापुरातल्या वकिलाच्या वाड्याचे. गाढीच्या काठच्या आगरी वस्तीत लग्नाचे सूर मुळीच वेगळे होते. तेथे हळदीपासून वरातीपर्यंतचा प्रत्येक विधी धवलारीण आपल्या धवल्यांनी, म्हणजे लग्नगीतांनी, चालविते, भटजीचा मान तिच्यानंतरचा, आणि तिच्या गाण्यांत देवांच्या लग्नापासून मांडवातल्या आंब्याच्या डहाळीपर्यंत सारे जग येते. त्या परंपरेतल्या श्रोत्याला मंगळागौरीचे पद हे दुसऱ्या जातीच्या घरातून, उघड्या राहिलेल्या खिडकीतून ऐकू येणाऱ्या गाण्यासारखे असणार. तरीही ते पाठ झाले, कारण चाल गोड होती आणि तबकडी सोवळे पाळीत नाही. उलट दिशेने मात्र काही गेले नाही. धवलारिणीला पडद्यावर आणण्याचा विचार त्या काळी कोणा निर्मात्याच्या मनाला शिवला नाही, आणि इतका समृद्ध संगीतमय विनोद ज्या लग्नांत भरलेला आहे ती लग्ने मराठी विनोदी चित्रपटाच्या हद्दीबाहेरच राहिली. हा त्या चित्रपटांचा दोष मी थोरल्या दोषांत धरतो.

‘पहिली मंगळागौर’चे नाव आज घेतले जाते ते निराळ्याच कारणासाठी. त्याच वर्षी वसंत जोगळेकरांच्या ‘किती हसाल’ या चित्रपटासाठी सदाशिवराव नेवरेकरांनी मास्तर दीनानाथ मंगेशकरांच्या थोरल्या मुलीकडून, लताकडून, एक गाणे म्हणवून घेतले होते; दीनानाथांना मुलीने चित्रपटात गाणे रुचले नाही, आणि गाणेही चित्रपटातून गळाले. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथ वारले. ‘बळवंत संगीत मंडळी’चे वैभव ज्याने पाहिले त्या घराची चूल पेटण्याचा प्रश्न आता तेराव्या वर्षातल्या लतावर आला, आणि घरोब्यातील मास्तर विनायकांच्या आधाराने तिला ‘पहिली मंगळागौर’मध्ये एक लहानशी भूमिका आणि गाणे मिळाले. चेहऱ्याला रंग फासून दिव्यांसमोर उभे राहणे आपल्याला कधीच आवडले नाही असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. संगीत नाटकाचा गळा अशा रीतीने, अगदी शब्दशः वारसाहक्काने, युद्धकाळातील एका हलक्याफुलक्या बोलपटात येऊन उतरला. तो कोणाच्या नजरेत तेव्हा भरला असेल असे वाटत नाही, कारण फलकावर नाव होते ते स्नेहप्रभेचे.

आता फुटांकडे येतो, कारण या साऱ्या कथेचे वर्म तेथे आहे.

कच्ची फिल्म हिंदुस्थानात तयार होत नसे; ती सारी समुद्रमार्गे येई. आग्फा जर्मनीची, म्हणून युद्ध पुकारल्याबरोबर बंद. गेव्हार्ट बेल्जियमची, म्हणून १९४० च्या उन्हाळ्यात तो देश पडल्याबरोबर बंद. राहिली कोडॅक, आणि तिच्या पेट्यांना जहाजात जागा मिळावयाची ती तोफगोळ्यांना जागा देऊन उरेल तेवढीच. जपानने डिसेंबर १९४१ मध्ये युद्धात उडी घेतल्यावर टंचाई हाताबाहेर गेली, आणि १९४२ च्या मे महिन्यात सरकारने हुकूम काढला की कोणताही कथापट अकरा हजार फुटांपेक्षा लांब असता कामा नये व त्याची जाहिरातपट्टी चारशे फुटांपेक्षा. दुसऱ्या वर्षी, जुलै १९४३ मध्ये, हिंदुस्थान संरक्षण नियमांखाली कच्च्या फिल्मवर परवानापद्धती आली. आता सरकारी दफ्तरात ज्याचे नाव दाखल त्यालाच फिल्म, आणि तीही मोजून.

पडद्यावर मिनिटाला नव्वद फूट फिल्म धावते. म्हणजे अकरा हजार फूट हे सुमारे दोन तास. आजच्या वाचकाला दोन तास पुष्कळ वाटतील, परंतु ज्या प्रेक्षकाला संगीत नाटकाच्या पहाटेपर्यंतच्या बैठकीची सवय, त्याला हा उपवास होता. गाणे तबकडीच्या एका बाजूएवढे, म्हणजे तीन मिनिटांचे धरले, तर त्याला दोनशे सत्तर फूट लागतात. दहा गाणी घातली की सत्तावीसशे फूट, म्हणजे चौथा हिस्सा, संपला. उरलेल्या आठ हजार फुटांत कथा सांगावयाची, प्रेम जुळवावयाचे, गैरसमज वाढवावयाचे, फेडावयाचे, आणि हसवावयाचेही. निर्मात्याने कात्री कोठे लावावी? गाण्याला लावता येत नाही, कारण गाण्याच्या तबकड्या विकल्या जातात आणि विचुंब्यासारख्या शेकडो गावांत चित्रपटाची ख्याती करणारे तेवढेच एक साधन असते. कथेला लावली तर शेवट कळत नाही. कात्री लागते ती विनोदाला.

आणि विनोद हा असा विचित्र जिन्नस आहे की तो काटकसरीने होत नाही. दामुअण्णांनी दारातून आत यावे, छत्री कोठे ठेवावी ते न कळून घुटमळावे, ती चुकीच्या जागी ठेवावी, पुन्हा उचलावी, आणि एवढ्यात सासऱ्यांनी समोर येऊन उभे राहावे. या सगळ्यात कथा तिळमात्र पुढे सरकत नाही, परंतु प्रेक्षक ज्यासाठी पैसे मोजतो ते हेच. हिशेबनिसाच्या नजरेने मात्र ते शे-दीडशे फूट वाया गेलेले असतात. शिवाय हसविणारा प्रसंग पहिल्या फटक्यात क्वचितच साधतो. कोणीतरी आधी हसते, कोणाचा हात उशिरा उठतो, आणि दृश्य पुन्हा घ्यावे लागते. अश्रू एका फेरीत निघतात. म्हणून ज्या दिवशी फिल्म तोळामाशाने मिळू लागली त्या दिवशी करुणरस स्वस्त झाला आणि हास्यरस महागला, असे माझे मत आहे. विनायकांनी ‘नवयुग’ सोडून कोल्हापुरात ‘प्रफुल्ल पिक्चर्स’ काढले आणि १९४३ साली पहिले पाऊल टाकले ते कुमारी मातेच्या प्रश्नावरील ‘माझं बाळ’ या गंभीर चित्रपटाने, त्यामागे वि. स. खांडेकरांच्या सहवासाने लागलेली ध्येयवादाची ओढ होती हे खरेच, पण परवान्याचे गणितही अगदीच निराळे काही सांगत नव्हते.

एकीकडे लांबी कापली, दुसरीकडे सक्तीचा भरणा झाला. सप्टेंबर १९४३ पासून प्रत्येक चित्रगृहाने प्रत्येक खेळात दोन हजार फुटांपर्यंत सरकारमान्य माहितीपट व ‘इंडियन न्यूज परेड’ हे वार्तापट दाखविलेच पाहिजेत, आणि त्यांचे भाडेही भरलेच पाहिजे, असा नियम झाला. बावीस मिनिटे लोकांनी तोफा, विमाने आणि फौजेत भरती व्हा असे सांगणारा आवाज ऐकावा, तेव्हा कोठे चिमणराव यावेत. पुष्कळजण बाहेर विडी ओढीत उभे राहत आणि खरा खेळ सुरू झाला की आत शिरत.

हिंदुस्थानी प्रेक्षकाच्या या विडीत त्या काळचे राजकारण आहे. इंग्लंड-अमेरिकेतल्या युद्धकालीन संगीतपटांत गणवेश हा नायकाचा शृंगार होता. रजेवरचा खलाशी, छावणीतला जलसा, स्टेशनावरचा निरोप यांवर तेथले शेकडो चित्रपट उभे राहिले, कारण ते युद्ध प्रेक्षकाचे स्वतःचे होते. आमच्याकडे गणवेश घालून नायक पडद्यावर आला असता तर त्याच्याकडे कोणत्या डोळ्यांनी पाहावे हेच प्रेक्षकाला उमगले नसते. सैनिक नव्हते असे नाही. मराठा पलटणी केरेनपासून इटलीपर्यंत लढल्या, आणि याच कुलाबा जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात यंत्रबंदुकीच्या मोर्चावर एकट्याने चालून जाऊन धारातीर्थी पडले व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. गाढीच्या उगमाकडच्या डोंगररांगेत माथेरानच्या भाई कोतवालांनी १९४२ च्या पावसाळ्यानंतर मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडण्याचे सत्र चालविले होते, आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते पोलिसांच्या गोळीला बळी पडले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, २४ जानेवारीस, पुण्याच्या लष्करातील कॅपिटॉल चित्रगृहात, गोऱ्या सोल्जरांनी भरलेल्या खेळात, बाँब फुटला. घाडगे आणि कोतवाल दोघेही एकाच जिल्ह्याचे. दोघांनाही शूर म्हणणाऱ्या समाजाला यांपैकी कोणाची कथा पडद्यावर मांडता आली असती? एकीला लोकांनी शिट्या मारल्या असत्या, दुसरीला सेन्सॉरने कुलूप लावले असते. तेव्हा मंगळागौर मांडणे, मेहुण्यांची फजिती करणे आणि चिमणरावांना छत्री शोधावयास लावणे, ही युद्धाविषयी मौन बाळगण्याची एक रीत होती. ते मौन सरकारलाही चालत होते आणि लोकांनाही, फक्त दोघांच्या मनांतले अर्थ वेगवेगळे होते.

हिंदीत एकदा हे मौन मोठ्या खुबीने मोडले गेले. ‘बॉम्बे टॉकीज’च्या १९४३ मधील ‘किस्मत’साठी कवी प्रदीपांनी परकीयांना हाकलून लावण्याचे जे समूहगीत लिहिले त्यात जर्मनांचे आणि जपान्यांचे नाव घातले होते, सेन्सॉर त्या नावांवर संतुष्ट झाला, आणि थिएटरातील प्रत्येकाला खरा रोख कोणावर आहे ते पहिल्या कडव्यातच कळले.

परवाने देताना निर्मात्यांनी युद्धप्रयत्नास पोषक चित्रपटही काढावेत अशी अपेक्षा सरकारने घातली, तेव्हा मात्र टाळाटाळीला जागा उरली नाही. विनायकांच्या वाट्याला ‘बडी माँ’ आला; १९४५ चा, नूरजहाँ नायिका, संगीत दत्ता कोरगावकरांचे, आणि लहानसहान भूमिकांत लता व आशा या दोघी बहिणी. जपानी आक्रमणाची भीती, आई आणि मायभूमी यांचे रूपक, आणि मध्ये मध्ये हक्काचे दामुअण्णा. चित्रपट हिंदी होता, हे सर्वांत महत्त्वाचे. यापूर्वी कोल्हापूर-पुण्याची रीत अशी की एकाच कथेचा एक मराठी आणि एक हिंदी चित्रपट एकाच सेटवर, बहुधा त्याच नटांकडून, पाठोपाठ करून घ्यावयाचा. ‘माणूस’चा ‘आदमी’, ‘शेजारी’चा ‘पडोसी’, आणि राजा नेन्यांच्या ‘दहा वाजता’ या प्रेमकथेचा ‘दस बजे’ असे जुळे जन्मत. या पद्धतीने मराठी आवृत्तीचा खर्च हिंदीच्या पोटात निघून जाई. फुटांवर मोजदाद सुरू झाली तशी दुहेरी फिल्म कोण देणार? एका परवान्यात एकच भाषा बसत होती, आणि जिची बाजारपेठ पेशावरपासून कलकत्त्यापर्यंत होती तिच्यापुढे कारवारपासून नागपूरपर्यंतच पोहोचणारी भाषा मागे सरली. ‘प्रफुल्ल’च्या ‘गजाभाऊ’ या मराठी चित्रपटात लताने म्हटलेले गाणे हिंदी होते; तिचे ते पहिले हिंदी गाणे. एका मराठी बोलपटाच्या मधोमध हिंदी गाणे यावे याहून स्पष्ट निशाणी कोणती हवी?

पुढे पैशाचाही पूर आला. युद्धाच्या ठेक्यांत आणि काळ्याबाजारात मिळविलेली रक्कम कोठे ठेवावी ही विवंचना असलेले नवे भांडवलदार मुंबईत नटनट्यांना पगारदारीच्या बाहेर काढून एकेका चित्रपटासाठी हवी ती रक्कम मोजू लागले, आणि महिन्याच्या पगारावर एकत्र कुटुंबासारखे चाललेले ‘प्रभात’, ‘नवयुग’ यांसारखे संसार विस्कटले. दिग्दर्शक व्ही. शांताराम १९४२ सालीच ‘प्रभात’ सोडून मुंबईस गेले. विनायकांनीही १९४५ च्या सुमारास कोल्हापूर सोडून ‘प्रफुल्ल’चे बिऱ्हाड मुंबईस हलविले, आणि त्यांच्या मागोमाग मंगेशकर कुटुंबही आले. मराठी चित्रपटांची वार्षिक संख्या युद्धाच्या शेवटच्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. एकाही मराठी चित्रगृहावर शत्रूचा बाँब पडला नाही, आणि तरी ज्या धंद्याचे युद्धाने सर्वांत पक्के दिवाळे काढले त्यांत मराठी संगीतमय विनोदी प्रेमपटाचा क्रमांक बराच वर लागेल.

डिसेंबर १९४५ मध्ये कच्च्या फिल्मवरचे नियंत्रण उठले. विनायकांना त्याचा मराठीसाठी उपयोग करावयास सवड मिळाली नाही. १९ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्यानंतर चौथ्या दिवशी, एक्केचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्याच वर्षीच्या ‘जय मल्हार’ने मराठी चित्रपट पुन्हा उभा राहिला खरा, पण तो खेड्यातला, फेट्यातला, लावणीच्या ठेक्यावरचा होता, आणि ज्या तंबूंतून तो तालुक्या-तालुक्याला फिरला तेथील प्रेक्षकाला माजघरातल्या मंगळागौरीपेक्षा तो जवळचा वाटला. चाळीतला आणि पेठेतला विनोद परतावयाला १९५२ साल उजाडले. राजा परांजपे, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या ‘लाखाची गोष्ट’मध्ये गाणी होती, प्रेम होते, हसू होते, आणि लग्नाच्या आड आलेली अडचण मात्र सर्वस्वी नव्या जगातली होती: आता मुलाला पत्रिका जुळवावयाची नव्हती, ठरलेल्या मुदतीत एक लाख रुपये खर्च करून दाखवावयाचे होते.